फ्रेंच मास्तरांची धून

नाशिकला द्वारकेच्या चौकात परवा मी बराच वेळ उभी होते. बघणाऱ्याला वाटलं असेल, म्हातारीला रस्ता ओलांडता येत नाही. डोक्यावर पूल, चारी बाजूंनी ट्रक, आणि "नाशिकरोड, नाशिकरोड" करून घसा फोडणारे रिक्षावाले. पण मला रस्ता ओलांडायचा नव्हता. मी एक गाळा शोधत होते. पत्र्याचा, हिरव्या दाराचा, दारावर पिवळ्या रंगात कॉर्नेट काढलेला. त्या जागी आता टायरचं दुकान आहे. आत गेले. गल्ल्यावरच्या मुलाला म्हटलं, "इथे पूर्वी बँड होता."

"डीजे का, आजी?"

"नाही रे. बँड. माणसं तोंडाने वाजवायची."

त्याला हसू आलं. मी दमलेली दिसले असणार, कारण त्याने एक जुना टायर पुढे सरकवला आणि म्हणाला, "टेका जरा." मी टेकले.

रबराच्या त्या उग्र वासाखालून हळूहळू दुसरा वास वर आला. चिंच आणि चुलीतली राख. पितळ घासायची आमची तीच रीत होती. आईने आमटीसाठी आणलेली चिंच निम्मी वाद्यांना जायची आणि त्यावरून रोज कुरबुर व्हायची. खुंट्यांवर बँडचे लाल कोट, काखेत घामाने कडक झालेले, खिशांत डांबरगोळ्या. वाद्यांच्या नळ्यांतून काढलेलं पाणी फरशीवर सांडलेलं असायचं. बाहेरून आलेला माणूस ते बघून नाक मुरडायचा. मला त्यात कधी काही वाटलं नाही. आमची चूल त्याच फुंकरीवर पेटत होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्या बँडचे मास्तर. तरुणपणी ते लष्कराच्या बँडात होते, देवळालीच्या कॅम्पात. तिथून सुटले तेव्हा त्यांनी सोबत एक कॉर्नेट, म्हणजे तीन बटणांची आखूड पितळी तुतारी आणली, कपड्यांना कडक इस्त्रीची सवय आणली आणि एक धून आणली. कॅम्पातल्या कुणा साहेबाच्या तबकड्यांमध्ये ती होती. एका फ्रेंच संगीतकाराची. अण्णांनी ती इतक्यांदा ऐकली होती की तबकडीची खरखर कुठे येते तेही त्यांना पाठ होतं. संगीतकाराचं नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही आणि त्यांचं त्यावाचून अडलंही नाही. ते त्यांना फ्रेंच मास्तर म्हणत. मीही तेच म्हणणार.

ती धून कशी होती हे लिहून सांगणं अवघड आहे, तरी सांगते. सुरुवातीला फक्त साइड ड्रम. इतका हलका की शेजारच्या खोलीत कुणी बोटांनी डबा वाजवतंय असं वाटावं. मग त्यावर क्लॅरिनेट एक लांब, वळणावळणाची चाल म्हणते. ती संपली की तीच चाल दुसरं वाद्य उचलतं. मग तिसरं. चाल बदलत नाही, ठेका बदलत नाही, घाई होत नाही. फक्त आवाजात आवाज मिळत जातो, चढत जातो, आणि अगदी शेवटी सगळी वाद्यं मिळून अशी कोसळतात, की एखादी भिंत आपल्या अंगावर यावी. मधे कुठेतरी, आवाज भरात येत असताना, कॉर्नेटची पाळी असायची. ती अण्णांची.

दुपारी गाळ्यात तालीम चालायची. माझे मामा, बारकूमामा, साइड ड्रमवर. ते वैतागायचे.

"दाजी, ह्या तुमच्या फ्रेंच मास्तरचं ढोलकीवाल्याशी वैर व्हतं का वो? एक पलटा ठेवला नाय माझ्यासाठी."

"तू ढोलकीवाला हायस का? ड्रमर हायस. ताठ उभा राहा."

क्लॅरिनेटवर हुसेनचाचा असत. भद्रकालीतून सायकलवर यायचे, पायजम्याला चिमटा लावून. ते म्हणत, "मास्टर, ये धुन नहीं है, चक्की है. पीसते रहो, पीसते रहो." आणि मग डोळे मिटून अशी वाजवायचे, की चक्कीतून पिठाऐवजी अत्तर पडावं.

पण बाहेर, रस्त्यावर, ती धून कधी पुरी झाली नाही. वरात म्हणजे गिऱ्हाईकाचा हुकूम. अण्णा संधी साधून ती सुरू करायचे. ड्रम लागायचा, क्लॅरिनेट लागायची, आणि दुसऱ्या फेरीलाच नवरदेवाचा कुणी चुलतभाऊ घामाघूम होऊन पुढे यायचा. "ओ मास्तर, मयताचं काय लावलंय? नाचाचं लावा की!" अण्णा हात वर करायचे. एका श्वासात बँड सिनेमाच्या गाण्यावर उडी मारायचा. अण्णांच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. बँडवाला चेहरा खुंटीला अडकवून मगच कोट घालतो. मी मात्र लहानपणापासून त्यांची मान बघत आले. अशा वेळी त्यांच्या मानेवरची शीर फुगायची, आणि गाणं संपेपर्यंत तशीच राहायची.

बँडवाला रस्ता गाण्यांनी मोजतो. अमुक चौकापासून देवळापर्यंत दोन गाणी, मंडईपासून कार्यालयापर्यंत तीन. अण्णांचा एक हिशेब पक्का होता: द्वारकेपासून आमच्या वस्तीच्या फाटकापर्यंत, मिरवणुकीच्या पावलांनी, फ्रेंच मास्तरांची धून बरोबर पुरते. एकटेच ते अंतर धून पुटपुटत चालायचे. पोरं मागून त्यांची नक्कल करायची.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वस्तीतही कुणी मुलगी चढली नव्हती. हे मी आजही ताठ मानेने सांगते, कुणाला मिरवणं वाटलं तर वाटो. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. माझ्याकडे दोन साड्या होत्या आणि एक इंग्रजी-मराठी शब्दकोश, मधली पानं सुटलेला. कॉलेजच्या लायब्ररीत काचेच्या कपाटात जगभरच्या संगीतकारांचा एक जाडजूड ग्रंथ होता. घरी न्यायला मनाई. मी तिथेच बसून फ्रेंच मास्तरांची पानं वाचायचे, एकेक शब्द फोडत, आणि संध्याकाळी गाळ्यात जाऊन अण्णांना सांगायचे. ते कॉर्नेटवर चिंच चोळत ऐकायचे.

"अण्णा, ते उंचीला अगदी बारके होते म्हणे. पण कपडे एकदम टापटीप. बाहेर निघायला तासन्‌तास लावायचे."

"मग! बँडवाल्याला इस्त्री पायजेच."

"ते बँडवाले नव्हते हो अण्णा."

"तुला काय ठाव? पुढं सांग."

पुढे असं होतं की ते संगीताच्या मोठ्या सरकारी स्पर्धेला पुन्हा पुन्हा बसले आणि पुन्हा पुन्हा मागे पडले. यावर अण्णांनी कॉर्नेट बाजूला ठेवली. "नापास झाला?" "बऱ्याचदा." ते विचारात पडले. मग म्हणाले, "नापास झाला तरी मास्तर झाला. पण बाई, तू आपलं पास हो. आपल्याला नापास व्हायची ऐपत नाय."

लढाईत फ्रेंच मास्तरांना वजन कमी म्हणून सैन्यात घेईनात, तेव्हा ते हट्टाने ट्रक चालवायला गेले, हे ऐकून अण्णांना झालेला आनंद मी विसरणार नाही. "बघ. फौजेतलाच निघाला!" त्यांच्या छोट्याशा घरात चावीची खेळणी, यंत्राचे पक्षी भरलेले होते, ते आईलासुद्धा आवडलं. आणि ज्या धुनेसाठी जग वेडं झालं, तिचं त्यांना स्वतःला फारसं कौतुक नव्हतं, असंही त्यात होतं. हुसेनचाचा हसून म्हणाले, "अपने जैसा ही है मास्टर. जो हमको नहीं मंगता, वही पब्लिक को मंगता."

त्या सगळ्या संध्याकाळी. गाळ्याचा तापलेला पत्रा हळूहळू निवायचा, टकटक आवाज करत. समोर ट्रकवाल्यांचा चहा उकळायचा, देवळ्याकडून आलेल्या कांद्याच्या गाड्यांचा वास रस्त्यावर रेंगाळायचा, आणि आत आम्ही चार-पाच माणसं एका परक्या, मेलेल्या माणसाची खुशाली विचारल्यासारखी चौकशी करत बसायचो. माझ्या आयुष्यात मी इतकी श्रीमंत पुन्हा कधी नव्हते.

मग अण्णांचे दात हलायला लागले.

वरचे पुढचे, पटाशीचे. कॉर्नेटचा माउथपीस ओठावर टेकतो, आणि ओठामागे दातांची भिंत लागते. भिंत हलली की सूर हलतो. हिरड्यांतून पू यायचा. मिश्री लावून लावून हिरड्या आधीच काळ्या झाल्या होत्या. अण्णा तुरटीच्या चुळा भरायचे, लवंग धरायचे, भाकरी चहात भिजवून जिभेने चुरायचे. दातांच्या डॉक्टरने बघितलं आणि सांगितलं, काढावे लागतील, नाहीतर विष जबड्यात उतरेल. अण्णा म्हणाले, "कवळी लावून कॉर्नेट वाजते का, डॉक्टर?" डॉक्टर म्हणाला, "कॉर्नेट काय असते?"

घरी येऊन त्यांनी आईला आणि मला समोर बसवलं. "दात काढीन. पण हिचा निकाल लागल्यावर. पोरगी बी.ए. झाली की वस्ती मिरवणूक काढणार. ती आपली मिरवणूक. तिथं मला कुणी नाचाचं लाव म्हणणार नाय. द्वारकेपासून फाटकापर्यंत, फ्रेंच मास्तरची धून, पुरी. एकदा."

आई घोटीकडची. भाताच्या चिखलात वाढलेली, बोलायला फटकळ. "आन जबड्यात इख उतरलं तर? तुमचा फ्रेंच मास्तर येनार हाय का दवाखान्यात डबा घिऊन?"

"तो काय येतोय. तोच दवाखान्यात मेला."

हे त्यांना मीच सांगितलं होतं, थोड्याच दिवसांपूर्वी. शेवटची पानं. फ्रेंच मास्तरांच्या मेंदूला काहीतरी झालं. डोक्यात संगीत तसंच वाजत होतं, नवं नवं सुचत होतं, पण हाताला ते लिहिता येईना. अक्षर वळेना, साधी सही होईना. वर्षानुवर्षं घराच्या सज्जात बसून राहायचे. शेवटी डॉक्टरांनी कवटी उघडली, आणि ते त्यातून उठले नाहीत. मी सांगायची थांबले. अण्णांनी एवढंच विचारलं, "म्हंजे वाजत व्हतं आतमधी?" मी म्हटलं, "हो." "सगळं?" "सगळं." त्यांनी चिंचेचा हात पाण्यात बुडवला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.

आणि मग अण्णांनी एक चूक केली. दात त्या दिवसापर्यंत टिकावेत म्हणून होळीपासून कॉर्नेट तोंडाला लावायचीच बंद केली. लग्नसराईत त्यांची जागा दुसऱ्याने घेतली. ते कोट घालून पुढे चालायचे, हाताने इशारे करायचे. रोज फुंकलं नाही तर ओठातली ताकद जाते. हुसेनचाचांनी बजावलं, "मास्टर, होंठ सो जाएगा." अण्णा म्हणाले, "ओठ काय, दोन दिवसांत उठवतो. दात परत उगवत नाय."

माझी परीक्षा एप्रिलात झाली. निकाल उन्हाळ्याच्या शेवटी यायला हवा होता. तिकडे विद्यापीठात कर्मचाऱ्यांचा संप झाला आणि निकाल पुढे गेला. मग आणखी पुढे गेला. तो उन्हाळा माझ्या अंगात अजून आहे. रोज सकाळी अण्णा स्टँडवर जाऊन पेपर बघून यायचे. एका गालाला सूज. उपरणं कानावरून बांधलेलं. पत्र्याखाली बसून हिरड्या जिभेने चाचपायचे, दात जागेवर आहेत का ते बघायला. रात्री कण्हण्याचा आवाज यायचा, आणि मी पुस्तकं संपलेली मुलगी, मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एकदा मी म्हटलं, "अण्णा, काढून टाका हो. मिरवणूक नको मला." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचा घास काढून घेतला होता. "तुझी मिरवणूक हाय ती, बाई. पण धून माझी हाय."

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी आशेवर राहायला नको. दात गेले. वरचे सगळे. कवळी आली, ती बसली नाही, जेवताना काढून ताटाशेजारी ठेवायचे. ऐंशीच्या दशकात बेंजो पार्ट्या आल्या, हातगाडीवर कर्णे आले, आणि बँडला कुणी विचारेनासं झालं. लाल कोट उसवून आईने पायपुसणी केली. हुसेनचाचा मालेगावला मुलाकडे गेले ते तिकडेच राहिले. मला नोकरी लागली, खुर्चीवर बसायची, आणि पहिल्या दिवशी मी अण्णांना ती खुर्ची दाखवायला घेऊन गेले. ते त्यात बसले नाहीत, फक्त हात फिरवला. ते गेले तेव्हा दशक संपायचं होतं. अंत्ययात्रेला वाजवायला आमच्यातलं कुणी उरलं नव्हतं. आणि या सगळ्याच्या मधोमध तो एक दिवस आहे. मी कुठूनही निघाले तरी त्याच दिवसात येऊन पोचते.

निकाल लागला तेव्हा श्रावण होता. सेकंड क्लास. वस्तीतून "जयभीम" करत माणसं यायला लागली, कुणी पेढे, कुणी नारळ. दुसऱ्या दिवशी सकाळी मिरवणूक ठरली. पाऊस उघडला होता, रस्त्यावर डबक्यांतून आभाळ दिसत होतं. आईने मला तिची लग्नातली साडी नेसवली. अण्णांचा कोट मी स्वतः इस्त्री केला. कपाळाला हात लावला तर ताप होता. "ओठ उठला का अण्णा?" मी विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मला कळलं नाही.

द्वारकेला आम्ही उभे राहिलो. माझ्या गळ्यात हार, पोरांच्या हातात निळा गुलाल. बारकूमामांनी ड्रम सुरू केला, अगदी हलका. हुसेनचाचांनी चाल म्हटली. ट्रकवाले गाड्या थांबवून बघू लागले. आम्ही चालायला लागलो. एक वाद्य झालं, दुसरं झालं. कुणी अडवलं नाही. लोक सुरुवातीला थोडे बावरले, मग त्यांची पावलं आपोआप त्या ठेक्यात पडायला लागली. बायका, म्हातारे, शाळेची पोरं, सगळे एका पावलाने. मला वाटलं, होतंय. हे होतंय.

मग कॉर्नेटची पाळी आली.

मी मागे वळून बघितलं. अण्णांनी छाती भरून घेतली, कॉर्नेट उचलली. आणि आला तो नुसता वारा. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा. त्यांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा वारा. ड्रम चालू होता, खालचे सूर चालू होते, आणि मधे जिथे अण्णा असायला हवेत तिथे एक खड्डा. हुसेनचाचांनी क्लॅरिनेट उचलली, ती जागा भरायला. अण्णांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. चाचांनी क्लॅरिनेट खाली घेतली. अख्खी पाळी तशीच गेली. वस्ती त्या रिकाम्या जागेतून चालत राहिली, कुणाला वाटलं असेल धूनच अशी आहे. मला मात्र अण्णा काय वाजवताहेत ते ऐकू येत होतं, सूर न् सूर, लहानपणापासून पाठ झालेला.

मग पुढच्या वाद्याने चाल उचलली. आवाज चढत गेला. अण्णांनी कॉर्नेट तोंडाची काढली नाही. फाटक दिसायला लागलं, बँड भरात आला, झांजा, ढोल, सगळं, आणि बरोबर फाटकाशी, अण्णांच्या हिशेबाप्रमाणे, ती धून कोसळली. पहिल्यांदा. पुरी. निळा गुलाल उडाला, लोक ओरडले, कुणी मला खांद्यावर घ्यायला आलं. आणि मागून पोरांनी सवयीने कालवा केला, "मास्तर, आता नाचाचं!"

तेव्हा मला दिसलं. अण्णांची बोटं थांबली नव्हती. डोळे मिटलेले, कॉर्नेट ओठांना, आणि तिन्ही बटणांवर बोटं चालू, एक, दुसरं, पुन्हा पहिलं. त्यांचं संपलं नव्हतं. ते अजून कुठेतरी रस्त्याच्या मधेच होते.

मी हात वर केला. "गप्प बसा रे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "अण्णांचं चालू आहे."

कुणीतरी खुदकन हसलं आणि थांबलं. बारकूमामांनी अण्णांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काठ्या खाली आणून तोच ठेका पुन्हा धरला, एकदम हलका. हुसेनचाचांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. अख्खी वस्ती फाटकाशी चिखलात उभी राहिली, आणि अण्णा वाजवत राहिले. कुठे आवाज नाही. फक्त ड्रम, आणि बटणांची बारीक खटखट.

किती वेळ गेला मी मोजला नाही. एकदा बोटं जोरात दाबली गेली, सगळी एकदम, आणि सुटली. अण्णांनी डोळे उघडले. कॉर्नेट खाली घेतली. तोंड पुसलं, आणि कोटाच्या पांढऱ्या कफवर रक्त आलं. तो कफ त्यांनी दुमडून आत घातला. मग ते ताठ उभे राहिले, पोरांकडे वळले, आणि वरातीत बोलायचा आवाज काढून म्हणाले, "हां, बोला. कुठलं पायजे?"

कुणीच काही मागितलं नाही.